खोली मागितली अन् पाहुणे आले

आता मला सांगा, वयात येणाऱ्या पोरींवर कादंबऱ्या लिहिणारी ही माणसं कधी कोणाच्या घरात डोकावतात की नाही? त्यांच्यापायी दहावीच्या आधीच माझं लग्न झालं असतं.

चामोर्शीजवळचं आमचं खेडं. एका खोलीचं घर, पडवीत बाबांची मासे धरायची जाळी, अन् उरल्या जागेत आम्ही भावंडं. शाळेच्या कपाटातून मी एक कादंबरी आणली. तिच्यातली पोरगी माझ्याच वयाची, पण पुण्याची. रागावली की आपल्या खोलीचं दार आपटते, खिडकीशी बसून रडते, मग आई कॉफी घेऊन येते. म्हणते, "राणी, तुझं वयच तसं आहे गं."

वय माझंही तेच होतं. पण मला रडताना पाहिलं की माय म्हणायची, "रिकामी बसली काऊन वो? धान पाखड."

म्हटलं, आपणही दार आपटू. आमचं दार म्हणजे बांबूची ताटी. आपटली, तर निघून बकरीच्या अंगावर पडली.

मग मी पुस्तकातलं वाक्यच पाठ केलं. गडचिरोलीला नुकताच स्वतःचा जिल्हा मिळाला होता, मला खोली मिळायला काय हरकत होती? मायपुढं उभी राहून म्हटलं, "आई, मला आता माझं स्वतःचं जग हवंय. माझी वेगळी खोली हवी."

माय सूप खाली ठेवून उठली. नंतर ती बाबांना म्हणाली, "पोरगी सोताचा संसार मांगून राह्यली." हे मला मागाहून कळलं. मला बाबा एवढंच म्हणाले, "पाह्यतो मी. करतो सोय."

रविवारी मामा एक माणूस अन् एक बाई घेऊन आला. तुम्हाला कळलंच असेल. मला नाही कळलं. मला वाटलं, मिस्त्री आला, अन् बायकोलाही आणलं म्हणजे काम मोठं दिसतं. मायनं मला साडी नेसवली. खोलीच्या कामाला साडी कशाला, हेही मला सुचलं नाही. पुस्तकातल्या पोरी फार विचार करतात हो. मी चहा नेऊन ठेवला.

बाईंनी विचारलं, "काय काय येते वो तुले?"

"एक खाट येते, एक टेबल येते."

मामा खोकला.

"अन् सैपाक?"

"तो बाहेरच. आत धूर नको."

"घरात माणसं किती चालतीन?"

"मी एकटी. दुसऱ्या कोणाले येऊच देणार नाई."

"अन् आमचा पोरगा?"

"त्याले कामाले येऊ द्या," मी म्हटलं, "पण संध्याकाळी आपल्या घरी गेला पाह्यजे."

बाईंनी कप खाली ठेवला, पदर खोचला अन् नवऱ्याला म्हणाल्या, "चला." मामा हात जोडत त्यांच्या मागं एसटीच्या थांब्यापर्यंत पळाला.

तेव्हा कुठं माझ्या डोक्यात उजेड पडला, अन् मी खरंखुरं रडले. खिडकी नव्हती, कॉफी नव्हती. मायचा अन् मामाचा राग मात्र भरपूर होता. त्या पुस्तकात एक ओळ लिहायला काय जात होतं, की बाई गं, हे वाक्य आपल्या घरी बोलून बघू नकोस?

बाबा जाळं बाजूला सारून माझ्याजवळ बसले. "तुले लगन नोयतं पाह्यजे?"

"नाई बाबा. अभ्यासाले एक कोपरा पाह्यजे होता."

बाबांनी जाळं पुन्हा मांडीवर ओढलं.

"मंग मराठीत सांगाचं नं, बाई."