शिग्रामाचा उडालेला रंग

माझ्या पहिल्या दिवाळसणाला सासूबाईंनी मला माहेरी, कळव्याला धाडलं ते त्यांच्या शिग्रामातून. बैलांची, दारं-झडपांची, काळी कुळकुळीत गाडी. कल्याणच्या त्या घराचा सगळा तोरा तिच्यात होता. घर आमच्याच जातीचं, पण जमीनजुमल्यावर वर आलेलं आणि गळ्यात माळ घातलेलं. तिथे मासळीचं नावही निघत नसे. आणि मी मिठागरवाल्याची, खाडीच्या मासळीवर वाढलेली लेक. निघताना सासूबाई एवढंच म्हणाल्या, "गाडी जाते तशी परत येऊ दे. मग पुढच्या सणाचं बघू." माझं माहेर त्या एका वाक्यावर आलं होतं, हे मला तिथेच कळलं.

आणि आमच्या दारातच बैल बुजले. गाडीचं दार कुंपणाच्या खांबाला घासलं, तळहाताएवढा रंग उडाला, आतलं लाकूड उघडं पडलं. गाडीवान कपाळाला हात लावून मटकन खाली बसला. आईने तर रडायलाच सुरुवात केली. बा मात्र हसला. म्हणाला, "होरी रंगवतंय मी, तं गारीचं दार नाय रंगवता यायचं? रडू नको गो बाय."

बा काम करायला लागला की बघत राहावं. उडालेल्या रंगाच्या कडा त्याने शिंपल्याने खरवडल्या. पाकट माशाच्या वाळक्या, खरखरीत कातड्याने लाकूड घासून गुळगुळीत केलं. आईने दिव्यावर परळ धरून काजळ जमवलं, ते त्याने तेलात खललं आणि हलक्या हाताने थरावर थर दिले. तेल कुठलं? होड्यांना लावतात तेच, मुशी माशाच्या काळजाचं. रंगात दुसरं तेल घालतात हे आमच्या घरात ठाऊकच नव्हतं. ते पुरतं सुकत नाही, पण होडीचं त्याने काही अडत नाही. आणि वास? आम्ही त्या वासातच जन्मलो, आम्हाला तो येणार कुठून! गाडीवानही खाडीकाठचाच; त्यानेही खुशीने मान डोलावली. बाने मला दारासमोर उभं केलं आणि म्हणाला, "आता दाकव, कुटं घासलंय तं!" खरंच दिसत नव्हतं.

भाऊबीज उरकून मी परत गेले. एकादशीला सासूबाई शिग्रामात बसून देवळात गेल्या. दार उन्हात तापलेलं. घरी उतरल्या तेव्हा पदरावर काळा लपका होता आणि अंगाला मासळीचा वास, तोही एकादशीला. करायला गेला गणपती आणि झाला मारुती, दुसरं काय! ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं. त्यांनी डोक्यावरून पाणी घेतलं, लुगडं बदललं आणि मला म्हणाल्या, "तुझ्या बापाने मुद्दाम केलं नसेल. पण तुझं तिकडे जाणं आता बंद." घरात कुणी ब्र काढला नाही. माझ्या नवऱ्यानेही नाही, आणि ते मी त्याला आजतागायत माफ केलेलं नाही.

पुढे दर दिवाळीला बा मला न्यायला चालत यायचा आणि ओटीवरूनच माघारी जायचा. यंदा घरात काम आहे, असं त्याला सांगितलं जाई. आपलं काय चुकलं ते त्याला कुणी सांगत नव्हतं, आणि मला ओटीवर यायची मुभा नव्हती. आत चुलीपुढे बसून मी त्याचा आवाज ऐकायची आणि मरण का येत नाही म्हणून देवाला शिव्या द्यायची.

मग कधीतरी गाडीवानानेच त्याला सांगितलं असावं. कारण शेवटच्या खेपेला मी माजघराच्या दाराआडून पाहिलं, तर बाचे केस ओले होते, धोतर धुवट होतं, कपाळाला गंध होतं. सासऱ्यांनी रीत म्हणून पाण्याचा तांब्या पुढे सरकवला. बाने तो घेतला नाही. वास येऊ नये म्हणून त्याने दोन्ही हात उपरण्याखाली घट्ट दाबून धरले होते.

"तहान नाय," तो म्हणाला. कळव्यापासून उन्हातून चालत आला होता.