टट्टूंची वाट आणि पाच किल्ल्या

कासमभाई खुर्चीवर टेकलेले मी फारसे पाहिले नाहीत. रियाधच्या अल सुलै भागातल्या आमच्या गोदामात ते स्टोअरकीपर होते, मी पिकअपचा ड्रायव्हर. चहासुद्धा रॅकांमधून येरझाऱ्या घालत प्यायचे. ‘‘बसा की जरा,’’ म्हटलं की उत्तर ठरलेलं: ‘‘बसलं की गंज चढतो, रशीद.’’ गोदामाच्या कुंपणाला एक फेरी म्हणजे किती पावलं, हे त्यांना पाठ होतं. भर उन्हात मोजायचे. बघणाऱ्याचं डोकं फिरे!

ही सगळी तयारी एका वाटेची होती. आमच्या कोकणातल्या खाडीपासून घाटमाथ्यापर्यंत जुनी टट्टूंची वाट जाते. कासमभाईंचे अब्बा टट्टूंवर सुकी मासळी लादून तिथून वर जात. लहानगा कासम पाच दिवस मागून चालायचा, पण घाटाखालच्या शेवटच्या गावात अब्बा त्याला नातलगांकडे सोडून पुढे निघत. ‘‘घाट तुला झेपायचा नाही.’’ पुढे अब्बा गेले, टट्टू विकली आणि कासम सौदीला आला. घाट राहिला तो राहिलाच. शेवटचं ते गाव माझं. म्हणून मी सोबत यायचं, हे त्यांनी परस्पर ठरवून टाकलं होतं.

त्यांनी कार्टनच्या पुठ्ठ्यावर नकाशा काढला. पाच गावं, पाच मुक्काम, प्रत्येक ठिकाणी ओळखीचं घर. पहिल्या मुक्कामाच्या घरी कळवावं म्हणून नंबर शोधून फोन लावला.

‘‘दलवाई, डिसेंबरात तुझ्याकडे मुक्कामाला येतो!’’

‘‘या की! पण मी दम्मामला असतो, कासमभाई. बारा वर्षं झाली.’’

दुसरा रास तनुराला निघाला. तिसऱ्या, चौथ्याची तीच गत. माणूस वीस वर्षं आखातात राहिला, तरी गाव आपण सोडलं तसंच धरून बसला होता. मी पोट धरून हसलो. ते नाही हसले. ‘‘पाचवं तुझंच ना? मग तू कुठं आहेस मेल्या?’’ माझं हसू तिथंच आटोपलं. आई गेल्यापासून माझ्याही घराला कुलूप होतं.

दुसरा कोणी असता तर त्याने बेत सोडून दिला असता. कासमभाईंनी किल्ल्या गोळा करायला घेतल्या! शुक्रवार आला की, ‘‘यल्ला, काढ गाडी.’’ दम्माम चार तास. दलवाईच्या बायकोने कपाटातून फडक्यात गुंडाळलेली किल्ली आणली, तर तिचा मुलगा विचारतो, ‘‘मम्मी, विच हाऊस?’’ ती कासमभाईंच्या हातात किल्ली ठेवून म्हणाली, ‘‘भाई, खिडक्या उघडा हां. वारं लागू दे.’’

तेवढ्यात सौदायझेशनचं वारं आमच्या गोदामात शिरलं. कासमभाईंच्या जागी फहद नावाचा सौदी माणूस आला. त्यांनी त्याला महिनाभर मनापासून काम शिकवलं आणि डिसेंबरच्या तोंडावर त्यांना कायमचं मायदेशी परतायचा फायनल एक्झिट मिळाला. मला म्हणाले, ‘‘खलास. आता तू तेवढा रजेचा अर्ज टाक.’’

मी टाकला नाही. त्या दिवसांत रजा मागणं म्हणजे, मी नसलो तरी चालतं, हे आपणच सांगणं. माझा इकामा, म्हणजे राहण्याचा परवाना, संपायला तीन महिने होते. मी घाबरलो आणि त्यांना सरळ खोटं सांगितलं, ‘‘नामंजूर झाला.’’

ते एकटेच निघाले. ज्या घरी पोचतील त्या घराच्या मालकाला फोन करत. दलवाईला सांगितलं, खिडक्या उघडल्या. पाचव्या दिवशी दुपारी मला फोन आला.

‘‘तुझ्या पडवीत आहे. छप्पर शाबूत आहे. रशीद, अर्ज केलाच नव्हतास ना? फहद बोलला.’’

मी पिकअप कडेला घेतली.

‘‘रागावलो नाही रे. उद्या घाट आहे. मला भीती वाटते. अब्बा म्हणायचे तसं, नाही झेपला तर?’’

या माणसाच्या तोंडून भीती हा शब्द मी कधी ऐकला नव्हता. म्हटलं, ‘‘थांबाल का?’’

‘‘थांबतो.’’

मी रजा मागितली. मॅनेजर म्हणाला, जा, पण जागा राखून ठेवता येणार नाही. मी राजीनाम्यावर सही केली. एक्झिटचे कागद व्हायला नऊ दिवस लागले आणि ते नऊही दिवस कासमभाई माझ्या पडवीत थांबले.

मी पोचलो तेव्हा पिशवी खांद्याला लावून दारात उभे. ‘‘चल, ऊन वाढतंय.’’

‘‘अहो, पाणी तरी पिऊ द्या!’’

‘‘वाटेत पी.’’

घाटाला सहा तास लागले. अर्ध्यावर त्यांनी माझा हात धरला, तो माथ्यावर पोचेपर्यंत सोडला नाही. पुढच्याच वर्षी ते गेले. नोकरी गेल्याचं मला वाईट वाटलं, खोटं कशाला बोलू? पण मी आलोच नसतो, तर त्यांनी हात कुणाचा धरला असता?