पालथ्या तांब्यावरचे तीन गिलास

मी भूतखेत मानत न्हाई. भूकंपात आमच्या गावची किती माणसं एका पहाटंला मातीखाली गेली. माझा मालक गेला, थोरली लेक गेली... एक बी परत कुणाला दिसाया आलं न्हाई. मग मी कशाला मानू? पण गिलासाचं ते मला अजून कळंना, म्हणून सांगते. मुखेडची एक पोरगी माझ्याकडं राहून क्लास करती, तीच हे लिहून घेती.

भूकंपानंतर पत्र्याच्या शेडमधी आम्हाला एक सवय लागली. तांब्या पालथा घालायचा, त्यावर एकावर एक गिलास रचायचे. जमीन हलली की ते पडतेत, वाजतेत – की पळायचं भाईर. धाकट्या सुमनला घिऊन मी लातूरला आले, क्लासच्या पोरांच्या मेसमधी पोळ्या लाटल्या, पण गिलास रचायचं सोडलं न्हाई. सुमन हसायची, "आई, ट्रक गेला तरी पळशील तू!" पण ट्रकनं ते कधी पडले न्हाईत.

सुमन लई शिकली. पुण्याला कॅन्सरच्या औषधावर काम करू लागली. मी म्हणलं, मला समजल असं सांग.

"आई, अंगात सैनिक असतेत, ते गाठीला माराया बघतेत. पण आपल्याच काही पेशी आडव्या उभ्या राहून म्हणतेत, थांबा. आमचं औषध त्या आडवणाऱ्यायलाच नेमकं धरतं."

"म्हंजे घरचेच भेदी."

"भेदी न्हाईत गं, राखणदार हायेत. सैनिकायनी आपलंच अंग खाऊ नये म्हणून असतेत. गाठ त्यायला आपल्या कामाला लावती."

मग तिलाच गाठ निघाली. मी म्हणलं, तुझंच औषध घे की.

"ते अजून उंदरावरच चालू हाय, आई. माणसापस्तोर यायला वर्षं लागतेत."

"नशिबाचे उंदीर," मी म्हणलं. लई हसली.

महिनाभर पुण्याच्या दवाखान्यात तिच्यापाशीच होते. दोन दिसासाठी लुगडी आणाया लातूरला आले. दुपारी भाकरी टाकीत होते... तिन्ही गिलास खण्णकन खाली! इचार केलाच न्हाई. गॅस बंद केला अन् अंगणात जाऊन उभी. एक झटका बसला की लगेच आत जायचं न्हाई, दुसरा येतो – हे आमच्या हाडात बसलेलं. किती येळ उभी होते, देव जाणे.

शेजारीण म्हणली, "काकू, काय झालं? काहीच हललं न्हाई की."

आत आले तर फोनवर सुमनचे चार कॉल. मी लावला. जावई बोलले, "आई... तोंडावरचा मास्क काढाया लावला तिनं, तुमच्याशी बोलायचं म्हणून. आत्ताच गेली."

शेजारीण म्हणती, फोन थरथरला म्हणून पडले असतील. फोन तर खुंटीला, पिशवीत. अन् गिलास पडायच्या आधी वाजला असता तर मला ऐकू आला नसता का? मांजर न्हाई, वारं न्हाई. कुठं भूकंप झाल्याची बातमी बी न्हाई.

गिलास पाडून सुमननंच मला हाक दिली, का कुणी मला तिच्या फोनापसून भाईर काढलं... न्हाई सांगता येत. राखणीला ठिवलेलेच आडवे आले, एवढंच म्हाईत.

गिलास अजून रचते. पण आता वाजले तर मी भाईर जायची न्हाई. आतच बसून राहीन.