मोरीत पाय घसरला नव्हता

मी हळू बोललो, ही माझी चूक.

पेणच्या एका खासगी हॉस्पिटलात विम्याची वेगळी खिडकी आहे. काचेच्या पलीकडे एक मुलगी, अलीकडे मी, आणि माझ्या मागे अख्खं पेण. निदान मला तसं वाटलं. काचेला तोंड लावून मी म्हटलं, "मेंटलचं होतं." आता हा शब्द आमच्याकडे आजाराचा नाही, शिवीचा. कुणी रस्त्यात आडवी गाडी लावली की त्याला म्हणायचा. तो स्वतःला, रांगेत उभं राहून, कसा म्हणायचा? तिला ऐकू आलं डेंटल.

"पहिला मजला, डावीकडे."

आणि मी गेलो. परत वळून सांगायला हवं होतं, पण पहिला मजला, डावीकडे हे फारच सोपं होतं. बसलो. नंबर आला. आ केला. दाढ किडलेली निघाली, म्हणजे अगदीच फुकट गेलो असं नाही. अर्धा गाल बधिर घेऊन घरी आलो तर बायको दारात उभी.

"काय म्हनला डॉक्टर?"

"किडलीय."

"काय किडलीय?"

"दाढ."

ती हसली नाही. हसली असती तर बरं वाटलं असतं.

मी धाटावच्या एका केमिकल कंपनीत ऑपरेटर आहे. पेणहून कंपनीची बस पकडतो. बसमध्ये सगळ्यांना हसवायचं काम माझं, त्याचा पगार नाही. घरातही तेच. लग्नाकार्यात मला मधोमध बसवतात आणि म्हणतात, सांग रे तो किस्सा. असा माणूस स्वतःच्याच हाताला इजा करून घेतो. पन्नाशीला टेकलेला, दोन मुलींचा बाप. हे कुणाला सांगायचं? असलं काही कोवळी पोरं करतात, अशी लोकांची समजूत. माझीही होती.

का केलं ते विचारू नका. कारण सापडलं असतं तर मीच त्याला धरून जाब विचारला असता. नुसता थकवा. झोपून उठलं तरी न जाणारा. किस्सा सांगतोय, लोक हसतायत, आणि आत सगळं त्या दाढेसारखं बधिर.

भर मे महिन्यात फुल शर्ट घालून हिंडणारा माणूस बसमध्ये कुणाला दिसला नाही. बायकोला दिसला. ती गणपतीच्या कारखान्यात डोळ्यांची आखणी करते. मूर्तीच्या पापणीची रेघ केसभर हलली तर तिला कळतं, तर नवऱ्याची बाही कशी सुटेल? तिने आरडाओरडा केला नाही. मनगट धरलं, बाही वर केली, बघितलं, परत खाली केली. मग म्हणाली, डॉक्टरकडे जायचं. पहिल्या वेळी मी म्हटलं, तुझा सीझन आहे, मी जातो एकटा. त्याचं काय झालं ते सांगितलंच.

दुसऱ्या वेळी ती बरोबर आली. रांगेत माझ्या मागे नाही, शेजारी उभी राहिली.

मनाच्या डॉक्टर तरुण बाई होत्या. माझे दोन विनोद त्यांनी शांतपणे ऐकले आणि तिसऱ्याआधी विचारलं, "हे नेहमी करता का, दुखलं की हसवायचं?" तिसरा विनोद सोडून मी बाही वर केली. बघून झाल्यावर त्यांनी सांगितलं, हा आजार आहे, बरा होतो. गोळ्या आजच सुरू करू. काही दिवस दाखल व्हा, मग दर आठवड्याला बोलायला या. विम्याचं विचारलं तर म्हणाल्या, शरीराचा आणि मनाचा आजार विम्याने सारखाच धरायचा, असा कायदा आहे. माझं मन कशाच्या तरी बरोबरीचं आहे, हे मला आयुष्यात पहिल्यांदाच कुणीतरी सांगितलं.

खाली खिडकीवर आलो. तिथल्या मुलीने डॉक्टरबाईंचा कागद वाचला आणि आतल्या माणसाला दिला. त्याने मान बाहेर काढून, रांगेला ऐकू जाईल असं विचारलं, "हे स्वतःच करून घेतलंय ना?"

मागच्या बाईने पर्स या खांद्यावरून त्या खांद्यावर घेतली. माझा हात माझ्यावर चालला होता, बाई, पर्सवर नाही. पण हेही मी तेव्हा बोललो नाही.

"स्वतः केलेलं विम्यात बसत नाही. कंपनीच्या साहेबाला मेल करायला सांगा, मग बघू."

आता साहेब. कंपनीत विम्याचं काम ज्याच्याकडे आहे तो साहेब आमच्याच गावचा. निडी स्टेशनच्या पुढे आमचं गाव. त्यांचं घर खोताचं, आम्ही त्यांची कुळं. कसेल त्याची जमीन झाली त्याला दोन पिढ्या उलटल्या. त्यांची मुलं मास्तर झाली, साहेब झाली. आम्ही ऑपरेटर झालो. पण माझे पाय जुनेच राहिले. केबिनच्या काचेच्या दारापाशी गेलो आणि सेफ्टी शूज काढले. कुणी सांगितलं नव्हतं. आत अकाउंटवाला बुटांसकट बसून चहा पीत होता. माझा बाप त्यांच्या अंगणाच्या कडेला वहाणा काढायचा, मी एसी केबिनच्या कडेला काढल्या. प्रगती एवढीच की मला ऊन लागत नव्हतं. उजव्या मोज्यातून अंगठा बाहेर आला होता, तोही बहुतेक साहेबाला बघायला.

साहेब माझ्याहून दहा वर्षांनी लहान. तो मला अरे म्हणतो, मी त्याला अहो म्हणतो. समोर एक खुर्ची रिकामी होती. बस म्हणाला नाही. त्याच्या डोक्यामागे कंपनीचं पोस्टर होतं, 'मनातलं बोला'. त्यावर हेल्मेट घातलेला एक कामगार हसत होता. इतका स्वच्छ कामगार मी आमच्या प्लांटवर पाहिलेला नाही.

मी मनातलं बोललो. जमेल तेवढं.

साहेब खुर्चीत मागे रेलला. "मेंटल झालास काय रे?"

अकाउंटवाला हसला. आणि मीही हसलो. हे लिहिताना सगळ्यात जास्त तेच टोचतं. सवयीने हसलो.

मग साहेबाने गावचा माणूस म्हणून मला मार्ग दाखवला. मोरीत पाय घसरला, हात नळाला आपटला, असं सांग. मलमपट्टीचं मी बसवून देतो. मी म्हटलं, पट्टीचं काही नाही, ते भरून आलंय. डॉक्टरबाईंनी दाखल व्हायला सांगितलंय, ते पाहिजे. त्यावर तो म्हणाला, तेही अगदी प्रेमाने म्हणाला,

"तुझा बाप आमच्या अंगणात उन्हात उभा राहायचा. त्याला कधी डिप्रेशन आलं का? तुम्हा लोकांना आता नसते रोग परवडायला लागले."

माझं हसू तिथे थांबलं.

बाप डोळ्यासमोर आला. संध्याकाळी पडवीत भिंतीकडे तोंड करून बसलेला. जेवायला हाक मारली तरी उठायचा नाही. आई म्हणायची, दमलेत गो ते, बोलू नका. तो सणाला दमलेला, लग्नात दमलेला, मरेपर्यंत दमलेलाच. कुणी विचारलं होतं त्याला? आम्हाला शब्दच नव्हता. दमणं एवढाच शब्द आमच्या वाटणीला आलेला. जमीन मिळाली, पण बाकीचे शब्द त्यांच्याच घरात राहिले.

या साहेबाची बायको पुण्याला मनाच्या डॉक्टरकडे जाते. याच कंपनीच्या विम्यातून. ऑफिसातल्यांनीच ते बसभर केलं होतं. ते माझ्या अगदी ओठांवर आलं. गिळलं. ते त्या बाईचं दुखणं, माझ्या भांडणाचं हत्यार नव्हे.

मी खुर्ची ओढली आणि बसलो.

"मोरीत पाय घसरला नव्हता, साहेब. मीच माझ्या हाताला केलं. मला मनाचा आजार आहे. तेच लिहा. बसत नसेल तर बसत नाही, असं कंपनीच्या कागदावर सहीने द्या."

आवाज बाहेरपर्यंत गेला असावा, कारण बाहेरचं टायपिंग थांबलं. या वेळी कुणाला डेंटल ऐकू आलं नसणार.

साहेब माझ्या खुर्चीकडे बघत राहिला, मग माझ्या अंगठ्याकडे. "उद्या ये. बघू," म्हणाला.

येतो म्हटलं. उठलो आणि दाराबाहेर जमिनीवर फतकल मारून सेफ्टी शूजच्या नाड्या बांधत बसलो. त्या पटकन बांधून होत नाहीत. काचेतून आतले दोघं बघत होते. बंड करून निघालेला माणूस त्यांच्याच पायाशी बसलेला.

घरी आलो तेव्हा बायको मोरीत बोटांचा रंग घासत होती. तिला सगळं सांगितलं. किस्सा करून नाही, जसं झालं तसं. खुर्ची सांगितली, बाप सांगितला, अंगठाही सांगितला. मग म्हटलं, मी उद्या हाफ शर्टात जाणार. नाही म्हणाला तर ते नाही लिहून घेणार. ते घेऊन त्याच्या वरच्याकडे जाणार, मग विम्यावाल्यांच्या वर जो कोण बसला असेल त्याच्याकडे. दम लागेल, दम आधीच लागलाय. पण पडलो असं म्हणणार नाही. माझ्या बापासारखं नुसतं दमलो, असंही म्हणणार नाही.

तिने हात पुसले. कपाटातून मोज्यांचा नवा जोड काढला आणि माझ्या मांडीवर टाकला.

"मोजं बदला," ती म्हणाली. "पन उद्या बूट काडायचं नाय."