दादाचा शेंदूर

छत्रीबागेतल्या आमच्या घरात माझ्या थोरल्या भावाला, दादाला, कुणी चित्रकार म्हणत नसे. शाळेत ड्रॉइंग शिकवणारा सरळमार्गी माणूस, एवढीच त्याची ओळख. मध्य प्रदेश तेव्हा नवानवाच होता. कुठल्याशा लायब्ररीत दादाने अमेरिकेतल्या नव्या चित्रांचे मासिक पाहिले आणि घरातल्या काडेपेट्या, सोड्याच्या बाटल्या, मिलच्या कापडावरचे शिक्के भले मोठे होऊन त्याच्या कॅनव्हासवर येऊन बसले. फक्त विकतचा लाल रंग त्याला पसंत पडेना.

एका शनिवारी तो आईबरोबर मारुतीला गेला. शेंदराचे थर चढून चढून तिथल्या मूर्तीचे नाकडोळे कधीच बुजले होते. घरी आल्यावर म्हणाला, "आई, हे खरं पेंटिंग. मतलब, सगळं झाकून टाकायचं, फक्त रंग ठेवायचा."

तेव्हापासून आई दर शनिवारी त्याच्यासाठी शेंदराची पुडी आणू लागली. तो शेंदूर जवसाच्या तेलात घोटायचा. बारीक रेघ काढायच्या आधी ब्रशचे टोक ओठांत धरून निमुळते करायची त्याची जुनी सवय होती, त्यामुळे ओठ कायम शेंदरी. मी एकदा टोकले, तर आईच माझ्यावर डाफरली, "देवाचा रंग आहे तो. त्यानं काय होतंय?"

हळूहळू त्याची चित्रे रिकामी होत गेली. आधी काडेपेटीवरची अक्षरे गेली, मग बाटलीची कड गेली, आणि शेवटी नुसता शेंदरी चौकोन उरला.

"करायला गेलास गणपती, झाला मारुती," मी चिडवले. एरवी त्याने माझी वेणी ओढली असती. त्या दिवशी तो नुसता उजवे मनगट चोळत राहिला.

पुढे त्याच्या पोटात कळा येऊ लागल्या. आई ओवा द्यायची, पोट शेकायची. एकदा तो चूळ भरत असताना मला त्याच्या हिरड्यांच्या कडेने निळसर काळी रेघ दिसली.

गावातल्या एका हॉलमध्ये त्याचे प्रदर्शन लागले. एक जाणकार गृहस्थ त्या चौकोनासमोर बराच वेळ उभे राहिले आणि म्हणाले, "वाह भिया! कितना संयम है! एक भी रेखा फालतू नहीं।" सगळ्यांनी माना डोलावल्या. दादाने नमस्कारासाठी हात वर केले. डावा पंजा उभा राहिला, उजवा मनगटातून खाली लोंबला. तेव्हा मला कळले की हा कसला संयम आणि कसले काय, याला आता रेघ काढताच येत नाही. टाळ्या वाजत होत्या आणि मला तिथून पळून जावेसे वाटत होते.

हात बरा होऊ दे, शेंदराचा चोला, अंगभर लेप, चढवीन, असा आईने मारुतीला नवस बोलला. मी मात्र दादाला डॉक्टरांकडे ओढून नेले. त्यांनी ओठ उलटून हिरड्या पाहिल्या, मनगट पाहिले, आणि तो काम काय करतो ते विचारले. मी ब्रशचे सांगितले.

"शेंदरात शिसं असतं, विषच ते," ते म्हणाले. "एकदम बंद करा. हात कदाचित परत येईल. शेंदूर पुन्हा पोटात गेला तर हात विसरा, भाऊसाहेब."

घरी आलो तर आई दारातच उभी होती. हातात मोठी पुडी, नवसाच्या शेंदराची. मी डॉक्टरांचे बोलणे सांगितले. तिने पुडीकडे पाहिले.

"दर शनिवारी मीच आणत होते रे," एवढेच म्हणाली.

दादाने डाव्या हाताने तिच्याकडून पुडी काढून घेतली. मला वाटले, आता मोरीत ओतणार.

"बाजारात दुसरे लाल मिळतात, दादा," मी म्हणाले.

"ते लाल नसतात," तो म्हणाला आणि आपल्या खोलीत गेला.

मला त्याचा भयंकर संताप आला, आजही येतो. मी मागोमाग गेले. पुडी उघडी होती, ब्रश डाव्या हातात होता. त्याने तो तेलात बुडवला, शेंदरात फिरवला, टोक उजेडात धरून पाहिले आणि ओठांकडे नेले.