दिसत नाही ते दूध

झाडावरची संत्री न तोडता, न मोजता अख्खा बगीचा विकत घेणारी माणसं आईच्या दुधाचा मात्र पुरावा का मागतात?

मी चिडून विचारते आहे, कारण या पुराव्यापायी माझं पाजणं सुटलं.

माझं माहेर पांढुर्ण्याचं. बाबा सभेहून येताना खाऊऐवजी पत्रकं आणायचे. त्यामुळे मला अन्याय लवकर दिसतो, आणि दिसला की त्याखाली रेघ मारावीशी वाटते. बाळंतपण माहेरीच झालं. आई मला खाऊ घालायची, मी पोराला पाजायची, मधे कुणी नव्हतं. वर्षाचा होईपर्यंत त्याला अंगावर पाजायचं, हे मी तेव्हाच ठरवलं. मग त्याला घेऊन रामाकोन्याजवळच्या सासरी आले.

सासर प्रेमळ होतं, हीच अडचण. पाहुणा पोट धरून उठल्याशिवाय जेवला असं तिथं कुणी मानत नाही, आणि नवा पाहुणा तर पाळण्यातच होता. तो जरा कुरकुरला की सासूबाई म्हणायच्या, "पोट नाई भरलं वाटते." डास चावला तरी पोट, दुपटं ओलं झालं तरी पोट. मी आत्ताच पाजलं असं सांगितलं की त्या विचारायच्या, किती पाजलं? आता हे किती मी कुठून आणू?

तोड मामाजींनी काढली. मामाजी म्हणजे माझे सासरे. बांधावरून एक चक्कर मारली की बगीच्यात किती माल निघेल ते सांगणारा माणूस. व्यापारीही त्यांचा शब्द मानतात. त्यांनी सौंसरच्या बाजारातून आकडे छापलेली बाटली आणि पावडरचा डबा आणला. झालं! घराला दिसणारं दूध मिळालं. जामसांवलीचं दर्शन करून परतणारे नातेवाईक आमच्याकडे चहाला थांबतात. त्यातली प्रत्येक बाई म्हणायची, आण इकडं, मी पाजते. माझ्याच पोराला पाजायला मला नंबर लावावा लागे, आणि माझा नंबर येईपर्यंत साहेब तृप्त होऊन झोपलेले असत.

बाळ जितकं ओढतं तितकं दूध येतं. ओढणाराच झोपला की तेही हळूहळू कमी होतं. मी हे परोपरीनं सांगितलं. कुणी ऐकेना, तेव्हा बाबांची लेक म्हणून पत्रक काढलं. लाल स्केचपेननं लिहून खोलीच्या दारावर चिकटवलं: बाटली देण्याआधी आईला विचारा. परिणाम झाला. सगळ्यांनी अक्षराचं कौतुक केलं, आणि एका मावशीनं आपल्या पोरीचा लग्नाचा बायोडाटा माझ्याकडून लिहून मागितला. हे बोलताना ती बाटलीच हलवत होती.

शेवटी मी मामाजींना गाठलं. म्हटलं, "मामाजी, बगीचा नुसता पाहून तुमाले माल समजते. नातवाचे गाल पाहून नाई समजत का, त्याचं पोट भरून राह्यलं म्हणून?"

ते म्हणाले, "झाड रडत नाई ना, बाई."

मला हसू आलं, त्यांनाही आलं. पण माझ्या सगळ्या मुद्द्यांवर ते एक वाक्य भारी होतं. या घरात लेकराचं रडणं कुणालाच ऐकवत नव्हतं, आणि बाटली ते झटक्यात बंद करायची. मी एवढंच म्हटलं, "मग रडला की मले द्या."

तेव्हापासून पोरगा रडला की मामाजी त्याला उचलून थेट माझ्या दाराशी आणायचे आणि मान वळवून आत द्यायचे. पण तोवर त्याला बाटलीच्या धारेची सवय झाली होती. हळू येणाऱ्या दुधावर रागावून तो तोंड फिरवायचा. मी पुष्कळ दिवस त्याची मनधरणी केली. तो सहा महिन्यांचा होण्याआधीच सगळं थांबलं. गावात बातमी गेली की हिचं दूध आटलं, जशी काही मी वैशाखातली विहीर.

पोरगा धडधाकट आहे, दिवसभर उंडारतो. त्याचं काही बिघडलं नाही. मला मात्र जे वर्षभर हवं होतं ते अर्ध्यातच काढून घेतलं गेलं, आणि घेणाऱ्यांपैकी एकाच्याही मनात वाईट नव्हतं, म्हणून भांडायलाही कुणी सापडलं नाही.

तेव्हा तुम्हाला सांगते. बाळंतिणीच्या घरी गेलात आणि लेकरू रडायला लागलं, तर त्याला तिच्या मांडीवर ठेवा, खोलीचं दार ओढून घ्या आणि मोरीतली भांडी घासायला बसा.