चौदा नंबरचं बटन

ती घटना आजही आठवते, आणि आठवली की आधी माझी मलाच लाज वाटते. अभिमान त्याच्यानंतर येतो, आणि तोही माझा स्वतःचा नाही.

रायपूर राजधानी झाल्यापासून शहरात नव्या गोष्टींची हौस वाढली होती. नव्या राजधानीकडे जाणाऱ्या रस्त्यावर, तेलीबांध्याच्या बाजूला, एक मोठी खाजगी शाळा होती आणि ती माझ्या पोलीस ठाण्याच्या हद्दीत येत होती. त्या शाळेने धोक्याची सूचना देणारी यंत्रणा बसवली. काडेपेटीएवढं बटन, गळ्यात अडकवायला दोरी. तीन सेकंद दाबून धरलं की शाळेभर भोंगा वाजायचा, शिक्षकांनी वर्गाची दारं आतून लावायची, आणि त्याच क्षणी आमच्या ठाण्यातल्या पडद्यावर बटनाचा नंबर उमटायचा. अशी चोवीस बटनं होती. उद्घाटनाला नारळ मीच फोडला. यंत्राची कल्पना मला मनापासून आवडली होती.

पहिल्याच महिन्यात तीनदा भोंगा वाजला. एकदा बटन पर्समध्ये दाबलं गेलं, एकदा एका शिक्षिकेच्या लहान मुलाने दाबलं, एकदा काय झालं ते कळलंच नाही. तिन्ही वेळा आमची गाडी धावली. तिसऱ्या वेळी मी मुख्याध्यापिकांना जरा तिरसटपणेच म्हणालो, "मॅडम, हे खेळणं नाही. जरा सांभाळून वापरा."

बाई शिस्तीच्या. त्यांनी माझा शब्द तंतोतंत पाळला. चोवीसही बटनं ऑफिसच्या आलमारीत गेली. सकाळी रजिस्टरवर सही करून न्यायची, सुटी झाली की परत करायची. आपल्या लोकांना नवी वस्तू सांभाळायची म्हणजे वापरायची नाही एवढंच कळतं. टीव्हीच्या रिमोटवरचं प्लास्टिक आपण वर्षानुवर्षं काढत नाही, तसंच त्या बटनांवरचंही कुणी काढलं नव्हतं. हरवलं तर जबाबदारी कोणाची, म्हणून शिक्षक हळूहळू बटन न्यायचेच बंद झाले. रजिस्टर कोरं राहू लागलं आणि आम्ही ठाण्यात खूश, कारण भोंगा वाजत नव्हता.

पुढे एका गुरुवारी मुख्याध्यापिका स्वतः लेखी अर्ज घेऊन ठाण्यात आल्या. चौदा नंबरचं बटन आलमारीतून गायब झालं होतं.

"सर, ये सुरक्षा का मामला है," त्या म्हणाल्या. "गलत हाथ में पड गया तो?"

अर्ज घेतला, रोजनाम्यात नोंद केली. संध्याकाळी शाळेच्या चौकीदाराने हळूच फोन करून खबर दिली की ऑफिस झाडताना शाळेतल्या आयाला त्याने आलमारीपाशी उभं पाहिलं होतं. मला तेवढं पुरेसं होतं.

शुक्रवारी सकाळी आयाला ठाण्यात बोलावलं. पन्नाशी ओलांडलेली, मूळची गोंदियाकडची, नवरा रेल्वेत होता तो वारलेला. शाळेतल्या लहान वर्गांच्या दाराशी दिवसभर बसायची, पोरांना बाथरूमला न्यायची, त्यांच्या वेण्या-नाडे बांधायची. रोजंदारीवर होती. आमचं घराणं भोसल्यांच्या वेळेपासून रायपूरचं, त्यामुळे तिची बोली मला घरच्यासारखीच. तिला खुर्ची दिली, चहा मागवला. चौकशीत पहिली दहा मिनिटं मी काहीच बोलत नसे. गुन्हेगार माणसाला शांतता सोसत नाही, तो आपणहून बोलू लागतो. ही बाई चहा पिऊन स्वस्थ बसली.

"मावशी, बटन कुठं आहे?"

"मले काही मालूम नाही साहेब."

"तुम्ही आलमारीजवळ होत्या."

"हव. झाडून राहिली होती."

तीच उत्तरं तासभर. रडली नाही, देवाची शपथ घेतली नाही, मुलाबाळांचं नाव काढलं नाही. चोरी केलेला माणूस यातलं काहीतरी एक करतोच, हा माझा अनुभव. तो अनुभव मी त्या दिवशी बाजूला ठेवला, कारण मला राग आला होता. आवाज चढवून म्हणालो, "नोकरी जाईल मावशी, केस लागेल. म्हातारपणी कोर्टाच्या पायऱ्या चढाल."

"चढीन," ती म्हणाली.

उठताना तिने एकच प्रश्न विचारला. "साहेब, ते बटन दाबलं तं तुमची गाडी येयाले किती टाइम लागते?"

"पाच-सहा मिनिटं. काहून विचारून राहिल्या?"

"असंच."

पुरावा नव्हता म्हणून सोडून दिलं, सोमवारी पुन्हा यायला सांगितलं. मुख्याध्यापिकांनी मला फोनवर सांगितलं की सोमवारपासून तिला कामावर ठेवणार नाहीत. मी म्हणालो, तुमचा निर्णय. एका बाईची भाकरी जात होती आणि मला त्याचं काही वाटलं नाही.

शनिवारी सकाळी दहाच्या सुमारास मी हजेरीचे कागद पाहत होतो. बटनांच्या पडद्याची घंटी वाजली. मुंशी, म्हणजे ठाण्याचा कारकून, ओरडला, "साहेब, चौदा नंबर! चोरीवालं!"

प्रधान आरक्षक, म्हणजे आमचा हवालदार, हसला. "कोई मजाक कर रहा है सर."

मलाही तेच वाटलं. पण चोर आयताच सापडतोय या आनंदात मी गाडी काढायला लावली. खरं सांगायचं तर त्या दिवशी आम्ही नेहमीपेक्षा जोरात गेलो ते कुणाला वाचवायला नाही, चोराला बटनासकट पकडायला.

फाटकातून आत शिरलो तेव्हा भोंगा वाजत होता आणि मैदानात चिटपाखरू नव्हतं. एकूणएक वर्गाचं दार बंद. लहान वर्गांच्या व्हरांड्याला लोखंडी सरकतं फाटक होतं, त्याला कुलूप लागलेलं. फाटकाच्या बाहेर एक माणूस हातात टंगिया घेऊन उभा. टंगिया म्हणजे इकडची लहान कुऱ्हाड. आणि तो व ते फाटक यांच्या मधोमध आया, पाठ फाटकाला लावून, हातात स्टीलची बादली ढालीसारखी धरलेली. बादलीला दोन खोल पोचे पडले होते. तिच्या डाव्या हातातून रक्त गळत होतं.

आमच्या एका आरक्षकाने मागून जाऊन त्या माणसाला मिठी मारली, दुसऱ्याने टंगिया हिसकावली. सगळं अर्ध्या मिनिटात आटोपलं. फाटकाच्या आत दुसरीच्या वर्गात त्याची मुलगी होती. बायको त्याला सोडून माहेरी राहत होती आणि मुलगी मिळत नाही म्हणून तो दोघींचा सूड घ्यायला निघाला होता. मुलीचा डबा द्यायचाय असं सांगून, टंगिया थैलीत घालून तो आत आला होता. बाप म्हणून चौकीदाराने सोडला. आयाने त्याला पाहताच बटन दाबलं, फाटक ओढलं आणि कुलूप घातलं. त्या फाटकाला कुलूप फक्त बाहेरून लागत असे. म्हणजे ते लावणाऱ्याला बाहेरच राहावं लागणार होतं, हे तिला माहीत होतं.

दवाखान्यात तिच्या हाताला टाके पडत असताना मी शेजारी उभा होतो. उजव्या हाताने तिने पदराची गाठ दातात धरून सोडली आणि बटन माझ्यापुढे केलं. चोवीस बटनांत प्लास्टिक काढलेलं ते एकच होतं. काल तासभर ते माझ्या टेबलापासून दोन हातांवर होतं. काखेत कळसा म्हणतात तो हाच.

"मावशी, काल काहून नाही सांगितलं?"

"सांगतलं असतं तं तुम्ही ते परत आलमारीत टाकलं असतं."

तीच पुढे म्हणाली, "पाच-सहा दिवसांपासून तो मोठ्या फाटकावर येऊन राहिला होता. पोट्टीले पाहे अन् दात खाये. ऑफिसात सांगतलं, ते म्हणे लिहून दे. मले कुठं लिहिता येते? चौकीदार म्हणे नवरा-बायकोचं भांडण आहे."

"मग मला तरी सांगायचं."

"तुम्ही तं बटनाचंच विचारून राहिले होते साहेब. पोट्ट्याइचं कुठं विचारलं?"

तिच्या बोलण्यात राग नव्हता, म्हणून ते जास्त लागलं. पस्तीस वर्षांच्या नोकरीत मी पुष्कळ शूर माणसं पाहिली, वर्दीतली आणि वर्दीबाहेरची. पण आपली नोकरी, आपलं नाव आणि शेवटी आपला जीव, तिन्ही गोष्टी जातील हे ठाऊक असून इतक्या शांतपणे आपल्या जागेवर बसून राहिलेलं माणूस मी दुसरं पाहिलं नाही. त्या बाईला मी मनातल्या मनात सलाम ठोकला, आणि मग राहवलं नाही म्हणून दवाखान्यात सगळ्यांसमोरही ठोकला.

मला त्या यंत्राचंही कौतुक वाटतं. दाबणारा कायम आहे की रोजंदारीवर, त्याची सही रजिस्टरवर आहे की नाही, हे त्याने विचारलं नाही. दाबलं आणि ते ओरडलं. विचारत बसलो ते आम्ही. चोवीस बटनं वाटताना आम्ही शिक्षकांची यादी घेतली, ऑफिसची घेतली, पण दाराशी दिवसभर कोण बसतं हे कुणाच्या मनात आलं नाही. शाळेत धोका शिरतो तो दारातून, आणि दाराशी ती होती.

सोमवारी मुख्याध्यापिका ठाण्यात आल्या, तक्रार मागे घ्यायला. त्यांचे डोळे सुजलेले होते. त्यांनी शाळेतली सगळी बटनं आलमारीतून काढून वाटली होती, पहिलं बटन आयाला, आणि तिला नोकरीत कायम करण्याचा कागदही सोबत आणला होता. मी म्हणालो, "मॅडम, चूक माझ्यापासून सुरू झाली."

चोरीच्या अर्जाचा निकाल मात्र लिहावाच लागतो. माल मिळाला तर कुठे मिळाला, हे नोंदवावं लागतं. मुंशीने पेन उघडून विचारलं, "साहेब, काय लिहू?" मी रोजनामा त्याच्याकडून ओढून घेतला आणि स्वतःच्या हाताने लिहिलं: बटन क्रमांक चौदा योग्य जागी मिळून आले.